विश्लेषण : महिन्याला 825 पौंड, लंडनमध्ये शिकायला पुरतील का?

चिखलदरा : परदेशात शिकण्यासाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीत शिकवणी शुल्क मिळते, विमानभाडे मिळते आणि ब्रिटनमध्ये राहण्या-खाण्यासाठी वर्षाला 9,900 पौंड मिळतात. एका पौंडाचे 120 रुपये धरले तर ही रक्कम जवळपास 12 लाख रुपये होते. मेळघाटातल्या शेतकरी किंवा मजूर कुटुंबासाठी हा आकडा मोठा आहे. लंडनमध्ये मात्र त्यातून खोलीचे भाडे दिल्यावर हाती फारसे काही उरत नाही. निवड झाल्याचा आनंद ओसरल्यावर विमानतळावर उतरून हा हिशेब कळण्यापेक्षा अर्ज भरतानाच तो कळलेला बरा. हा भत्ता नेमका किती आहे, कुठे पुरतो, कुठे तोकडा पडतो आणि रोजचा खर्च कसा बसवावा, याविषयी.

शिष्यवृत्ती कोणत्या आणि भत्ता किती?

चिखलदरा आणि धारणी या तालुक्यांत कोरकू समाज मोठ्या संख्येने आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यात देशभरातून वर्षाला 20 जणांची निवड होते. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही स्वतंत्र योजना आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची योजना आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. राज्याच्या या योजनेत वर्षाला 75 विद्यार्थी निवडले जातात. इतर मागासवर्ग, सारथी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीही राज्याच्या योजना आहेत.

केंद्राच्या 2024-25 च्या नियमांत निर्वाह भत्ता असा होता : ब्रिटनसाठी वर्षाला 9,900 पौंड, अमेरिका आणि इतर देशांसाठी 15,400 डॉलर. पुस्तके, साहित्य, अभ्यासदौरा अशा किरकोळ खर्चासाठी वेगळे 1,100 पौंड किंवा 1,500 डॉलर. राजर्षी शाहू योजनेतही हेच आकडे वापरले गेले आहेत. 9,900 ला 12 ने भागले की महिन्याला 825 पौंड येतात, म्हणजे दिवसाला साधारण साडेसत्तावीस पौंड.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लंडन असो वा शेफिल्ड, भत्ता एकच. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत लंडनमध्ये राहणाऱ्यांना वेगळा दर असतो. बुलडाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे याच शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकले. त्यांची एकलव्य इंडिया फाउंडेशन ही संस्था विदर्भातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अशा अर्जांसाठी मार्गदर्शन करते.

ब्रिटनच्या मते महिन्याला किती लागतात?

याचे उत्तर ब्रिटनच्या व्हिसा नियमांतच आहे. विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाइतके पैसे असल्याचा पुरावा द्यावा लागतो. 11 नोव्हेंबर 2025 पासून ही रक्कम लंडनसाठी महिन्याला 1,529 पौंड आणि लंडनबाहेर 1,171 पौंड आहे. जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे पैसे दाखवायचे असतात. लंडनसाठी ते 13,761 पौंड होतात. तिथल्या स्थानिक विद्यार्थ्यांना राहण्यासाठी जे कर्ज मिळते, त्याच्या कमाल रकमेशी हा आकडा जोडलेला आहे.

825 पौंड या दोन्ही आकड्यांपेक्षा कमी आहेत. लंडनमध्ये महिन्याला 704 पौंडांची तूट आहे आणि लंडनबाहेर 346 पौंडांची.

ही तूट व्हिसाच्या टप्प्यावरच अडचणीची ठरते. शिष्यवृत्तीच्या पत्रातली रक्कम कमी पडत असेल तर उरलेले पैसे विद्यार्थ्याला स्वतः दाखवावे लागतात. लंडनसाठी 13,761 मधून 9,900 वजा केले तर 3,861 पौंड उरतात. रुपयांत ते सुमारे 4 लाख 63 हजार होतात. ही रक्कम स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात सलग 28 दिवस असावी लागते, किंवा शैक्षणिक कर्जाचे पत्र लागते. विद्यापीठाच्या वसतिगृहाचे पैसे आधी भरले असतील तर त्यातले 1,529 पौंडांपर्यंत वजा करता येतात. केंद्राच्या आदिवासी योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादाच 6 लाख रुपये आहे. त्या घरातून साडेचार लाख महिनाभर खात्यात ठेवणे सोपे नाही.

निघण्याआधी खिशातून किती जातात?

व्हिसाचे शुल्क एप्रिल 2025 पासून 524 पौंड झाले. त्याशिवाय आरोग्य अधिभार आहे. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला 776 पौंड आहे. एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला व्हिसा वर्षापेक्षा काही महिने जास्त मिळतो, त्यामुळे अधिभार दीड वर्षाचा, म्हणजे 1,164 पौंड भरावा लागतो. दोन्ही मिळून 1,688 पौंड, म्हणजे 2 लाख रुपयांहून अधिक. हे पैसे अर्ज करतानाच भरायचे असतात. त्यातले किती आणि केव्हा शिष्यवृत्तीतून मिळणार, हे विभागाकडून लेखी घेतलेले चांगले. अधिभार भरला की तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत डॉक्टरकडे जाण्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. दात आणि डोळ्यांच्या उपचारांना मात्र बहुतेकदा पैसे पडतात. ते काम इकडेच अमरावतीत उरकून घ्यावे.

क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्रही लागते. ते ठरवून दिलेल्या दवाखान्यांचेच चालते. ही तपासणी आणि बोटांचे ठसे यासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरात जावे लागते. चिखलदऱ्याहून परतवाडा, अमरावती, बडनेरा आणि पुढे रेल्वे असा हा प्रवास आहे. तपासणी आणि ठसे यांच्या तारखा लागून घेतल्या तर एक फेरी वाचते.

पहिला महिना सर्वात महाग का?

बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. वर्षाच्या रकमेला बाराने भागून महिन्याचे बजेट काढले जाते. पहिला महिना मात्र दोन-अडीच महिन्यांचे पैसे घेऊन जातो.

समजा लंडनच्या कडेच्या भागात चार-पाच जणांच्या घरात महिन्याला 850 पौंडांची खोली मिळाली. इंग्लंडमध्ये घरमालकाला जास्तीत जास्त पाच आठवड्यांचे भाडे अनामत म्हणून घेता येते. 2019 च्या कायद्याने ही मर्यादा घातली आहे. 850 पौंडांच्या खोलीला ती सुमारे 980 पौंड होते. त्यात पहिल्या महिन्याचे भाडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, थंडीचा कोट, किराणा, सिमकार्ड आणि प्रवास धरला तर पहिल्या महिन्याला साधारण 2,250 पौंड लागतात. म्हणजे 2 लाख 70 हजार रुपये.

भत्त्याचा पहिला हप्ता तोवर हाती येईलच असे नाही. निर्वाह भत्ता उशिरा मिळाल्याच्या तक्रारी राज्यातील शिष्यवृत्तीधारकांनी वेळोवेळी केल्या आहेत. तिथले बँक खाते उघडायलाही काही दिवस जातात. त्यामुळे किमान दोन महिन्यांच्या खर्चाची सोय भत्त्यावर अवलंबून न राहता केलेली असावी.

खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय किंवा विद्यापीठाच्या निवास कार्यालयाकडून खात्री केल्याशिवाय कुणालाही पैसे पाठवू नयेत. फोटो दाखवून अनामत लाटण्याचे प्रकार परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत नेहमी घडतात. दिलेली अनामत घरमालकाने 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करायची असते. त्याची पावती मागून घ्यावी.

महिन्याचा हिशेब कसा दिसतो?

खालचे आकडे काटकसरीने राहणाऱ्या एका विद्यार्थ्यासाठी अंदाजाने मांडले आहेत. पहिला आकडा लंडनचा आहे. दुसरा शेफिल्डसारख्या, तुलनेने स्वस्त शहराचा.

भाडे, वीज-पाण्यासह : 850 पौंड / 500 पौंड
किराणा : 160 / 145
प्रवास : 95 / 50
मोबाइल : 10 / 10
कपडे, धुलाई, औषधे : 45 / 45
बाहेरचे खाणे : 40 / 30
अडीअडचणीसाठी बाजूला : 50 / 45
एकूण : 1,250 पौंड / 825 पौंड

लंडनमध्ये एकटे भाडेच भत्त्याच्या वर जाते. शेफिल्डमध्ये हिशेब जेमतेम जुळतो. म्हणजे किराण्यात कितीही काटकसर केली तरी लंडनची तूट भरून निघत नाही. पूर्ण किराणा बंद केला तरी 265 पौंड कमीच पडतात. खर्चाचा खरा निर्णय शहर निवडताना होतो. रोजच्या बाजारात जे वाचते ते त्यानंतरचे.

शिष्यवृत्तीच्या जागतिक क्रमवारीच्या अटीमुळे लंडनच घ्यावे लागते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. शेफिल्ड, लीड्स, नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅम, ग्लासगो ही विद्यापीठे 2026 च्या क्यूएस क्रमवारीत पहिल्या शंभरात आहेत आणि यातले एकही शहर लंडनइतके महाग नाही.

भत्ता पुरेल असा देश आहे का?

आहे. ब्रिटन सोडून इतर देशांसाठी भत्ता 15,400 डॉलर आहे. तो अमेरिकेला धरून ठरलेला असला तरी जर्मनीलाही लागू होतो. जर्मनीत व्हिसासाठी खात्यात वर्षाला 11,904 युरो दाखवावे लागतात. 15,400 डॉलरचे सध्याच्या दराने साधारण 13 हजार युरो होतात. म्हणजे तिथे भत्ता सरकारी किमान रकमेच्या वर जातो. शिवाय बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही किंवा नाममात्र आहे. म्युनिकसारखे शहर महाग आहे, पण पूर्वेकडच्या लाइपझिग, ड्रेस्डेन या शहरांत भाडे बरेच कमी आहे. इंग्रजीतून शिकवले जाणारे पदव्युत्तर अभ्यासक्रमही तिथे आहेत.

काम करून तूट भरता येते का?

ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येते. 21 वर्षांवरील कामगारांचे किमान वेतन एप्रिल 2025 पासून तासाला 12.21 पौंड झाले. एप्रिल 2026 पासून ते 12.71 पौंड ठरले आहे. लंडनची वरच्या हिशेबातली 425 पौंडांची तूट भरायला महिन्याला 33-34 तास, म्हणजे आठवड्याला सुमारे 8 तास काम लागेल.

कागदावर हे जमते. अडचणी दोन आहेत. पहिली शिष्यवृत्तीच्या अटींची. केंद्राच्या योजनेत संशोधन किंवा अध्यापन सहायक म्हणून वर्षाला 1,560 पौंडांपर्यंतच कमावण्याची मुभा आहे. त्यापुढच्या कमाईवर भत्ता कमी होतो. 1,560 पौंड म्हणजे महिन्याला 130. तूट 425 ची असेल तर हे पुरत नाही. राज्याच्या योजनेतली अट करारपत्रात वाचूनच कामाचा विचार करावा.

दुसरी अडचण व्हिसाची. विद्यार्थ्याला स्वयंरोजगार करता येत नाही. मोबाइल ॲपवरून जेवण पोहोचवण्याचे काम तिथे बहुतेकदा स्वयंरोजगारात मोडते. दुसऱ्याच्या नावाचे खाते वापरून हे काम करणाऱ्यांचा व्हिसा धोक्यात येतो. विद्यापीठाचे ग्रंथालय, कॅन्टीन, विद्यार्थी संघटना इथली कामे सुरक्षित असतात. ती सप्टेंबरच्या आधीच भरायला सुरुवात होते.

रोजच्या खर्चात कुठे वाचते?

सर्वात मोठी बचत स्वयंपाकात आहे. तिथल्या सुपरमार्केटमध्ये सँडविच, चिप्स आणि पेय मिळून दुपारचे ‘मील डील’ साडेतीन ते चार पौंडांना मिळते. ते सर्वात स्वस्त जेवण समजले जाते. महिन्यात 20 दिवस तेच घेतले तर 70 ते 80 पौंड होतात. डबा नेला तर यातले बहुतेक वाचतात. चिखलदऱ्यात कॉफी पिकते. तिची सवय असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की लंडनमध्ये बाहेरच्या कॉफीच्या एका कपाला चार पौंडांच्या आसपास पडतात. रोज एक कप म्हणजे महिन्याच्या किराण्याचे जवळपास तीन चतुर्थांश पैसे.

तांदूळ, तूरडाळ, ज्वारीचे पीठ, मसाले हे सगळे लंडनमध्ये वेंबली, साऊथॉल, टूटिंग, ईस्ट हॅम या भागांतल्या भारतीय दुकानांत मिळते. इतर मोठ्या शहरांतही अशी दुकाने आहेत. दहा किलोची तांदळाची गोणी दोघा-तिघांनी मिळून घेतली तर स्वस्त पडते. सुपरमार्केटमध्ये मुदत संपत आलेल्या मालावर संध्याकाळी पिवळे लेबल लावून भाव उतरवतात. पाव, भाज्या, दूध घेण्याची ती वेळ. ‘टू गुड टू गो’ या ॲपवर बेकऱ्या आणि हॉटेले उरलेले पदार्थ कमी दरात देतात.

इथून नेताना तिखट, हळद, छोटा कुकर आणि पोळपाट-लाटणे न्यावे. कुकर तिथल्या विजेच्या शेगडीवर चालेल असा हवा. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ आणि मांस मात्र भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही. आईने दिलेला तुपाचा डबा विमानतळावर काढून घेतला जाऊ शकतो.

लंडनच्या बसचे एका फेरीचे भाडे 1.75 पौंड आहे आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी ते एकदाच लागते. ट्यूब रेल्वे त्यापेक्षा बरीच महाग आहे. विद्यार्थ्यांच्या ‘18+ ऑयस्टर’ कार्डावर आठवड्याच्या आणि त्यापुढच्या पासवर 30 टक्के सूट मिळते. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना ‘कौन्सिल टॅक्स’ हा घरपट्टीसारखा कर माफ असतो. त्यासाठी विद्यापीठाचे पत्र महापालिकेला द्यावे लागते. घरात सगळेच विद्यार्थी असतील तर पूर्ण माफी मिळते. एक जण जरी नोकरदार असला तरी घराला बिल येते. घर निवडताना हे विचारून घ्यावे. थंडीचे कपडे भारतातून ढिगाने नेण्यापेक्षा तिथल्या ‘चॅरिटी शॉप’मध्ये वापरलेला चांगला कोट निम्म्याहून कमी भावात मिळतो.

रुपयांत हिशेब करावा की पौंडांत?

रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी 2025-26 मध्ये दिवसाला 312 रुपये होती. लंडनच्या बसने जाऊन-येऊन 420 रुपये लागतात. ज्या घरातल्यांनी मेळघाटात हमीच्या कामावर दिवस काढले, तिथल्या मुलीला बसमध्ये चढताना आईची दिवसभराहून अधिक मजुरी आठवली तर नवल नाही. मग पायी जाणे, एक वेळ न जेवणे, हीटर बंद ठेवणे सुरू होते आणि थंडीत आजारपण येते. उलट, काही जण रुपये विसरून खर्च करतात आणि जानेवारीत खाते रिकामे होते.

यावर एक साधा उपाय आहे. पैसे पाठवताना रुपयांत मोजावे, तिथे खर्च करताना पौंडांत. महिन्याच्या एक तारखेला भाडे, मोबाइल आणि अडीअडचणीची रक्कम वेगळी काढावी. उरलेल्या पैशाला चारने नव्हे, साडेचारने भागून आठवड्याची रक्कम ठरवावी, म्हणजे शेवटचे दोन-तीन दिवस कोरडे जात नाहीत. तेवढीच रक्कम दर सोमवारी खर्चाच्या खात्यात घ्यावी.

पैसे पाठवतानाही गळती होते. भारतातले साधे डेबिट कार्ड परदेशात वापरले तर दर वेळी विनिमयाचे जादा शुल्क बसते. त्यापेक्षा तिथल्या खात्यात एकदम रक्कम पाठवलेली परवडते. एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर तो मुळीच नाही.

ही अडचण नवी आहे का?

शंभर वर्षांपूर्वीही ती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. ती महिन्याला साडेअकरा पौंड होती. पुढे लंडनला शिकत असताना तिची मुदत संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. नोकरी करून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांवर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रात्री भूक लागली की पापडावर भागवल्याच्या आठवणी त्यांच्या चरित्रात आहेत. लंडनमधले त्यांचे 10, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने विकत घेतले आणि 2015 मध्ये त्याचे स्मारक झाले. त्याच 1920 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख इंग्लंडला गेले. एडिनबरा आणि ऑक्सफर्डला शिकून ते बॅरिस्टर होऊन परतले आणि 1932 मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली.

त्या काळी मदत करणारे संस्थानिक आणि मित्र होते. आज ती जबाबदारी सरकारने नियमाने घेतली आहे. म्हणूनच भत्त्याचा आकडा त्या-त्या शहराच्या खर्चाशी जुळतो का, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या काटकसरीपेक्षा योजनेचा जास्त आहे. लंडन आणि लंडनबाहेर असे दोन दर ठरवले आणि ते व्हिसाच्या रकमेसोबत दरवर्षी बदलले, तर ही तूट राहणार नाही.

अर्ज करण्याआधी काय करावे?

जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांना वेळ लागतो. ते परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशाच्या आधीच हाती असावेत. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी वैधतेसाठी अमरावतीच्या तपासणी समितीकडे आणि योजनेच्या माहितीसाठी धारणीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारणा करावी.

विभागाला चार प्रश्न लेखी विचारावेत : या वर्षीचा भत्ता किती, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात, व्हिसा शुल्क व आरोग्य अधिभार कोण भरणार आणि अर्धवेळ कामाला परवानगी आहे का. विद्यापीठाला तीन : वसतिगृहाचे सर्वात कमी भाडे किती, भत्ता उशिरा आल्यास भाड्याला मुदत मिळते का आणि आर्थिक अडचणीतल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘हार्डशिप फंड’ आहे का. या सात उत्तरांसह वरचा महिन्याचा तक्ता स्वतःच्या शहरासाठी भरून पाहावा. शेवटची बेरीज 825 च्या वर गेली, तर फरकाचे पैसे कुठून येणार हे प्रवेश स्वीकारण्याआधी ठरलेले हवे.